तत्त्वज्ञाच्या प्रभावाची मोजदाद : दि. य. देशपांडे यांच्या लेखनाची पुसदहून केलेली सूची

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाचे संशोधनकार्य मोजायचे तर दोन निरनिराळ्या गोष्टी मोजाव्या लागतात, आणि महाविद्यालयीन कागदपत्रांत त्या शेजारशेजारच्या रकान्यांत बसवल्या जात असल्यामुळे त्यांच्यातला फरक हळूहळू नजरेआड होतो. त्याने काय लिहिले, म्हणजे ग्रंथ, शोधनिबंध, अनुवाद, संपादने किती आणि कोणत्या दर्जाची, ही पहिली गोष्ट. आणि त्या लिखाणाचे पुढे काय झाले, ते कोणी वाचले, कोणी स्वीकारले, कोणी खोडून काढले आणि कोणी त्याच्या आधाराने पुढचे पाऊल टाकले, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा माग काढण्याचे आज रूढ असलेले साधन म्हणजे संदर्भनोंद, अर्थात एका लेखकाने आपल्या लिखाणात दुसऱ्याच्या लिखाणाचा नाव, ग्रंथ आणि शक्य तर पृष्ठ देऊन केलेला उल्लेख. असे उल्लेख मोजले की प्रभाव मोजला गेला, असे धरून चालण्याची रीत विज्ञानशाखांत रुजली आणि तिथून ती मानव्यविद्यांत आली. तत्त्वज्ञानाच्या, आणि त्यातही मराठीत लिहिलेल्या तत्त्वज्ञानाच्या बाबतीत ही मोजदाद प्रत्यक्ष करू गेल्यावर काय हाती लागते, ते या लेखात नोंदवले आहे.

पूस नदीच्या काठचे पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूर आणि अमरावती ही विद्यापीठांची शहरे इथून एसटीने काही तासांच्या अंतरावर आहेत. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या भागातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती, आणि त्यामुळे इथल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांत जी पुस्तके व जे विचार आले ते बहुतांशी नागपूरच्या वाटेने आले. प्रस्तुत लेखकाच्या नोकरीची वर्षे अशाच वर्गांत गेली : अकरावी-बारावीला तर्कशास्त्र, पदवीच्या वर्गांना नीतिशास्त्र आणि पाश्चात्त्य व भारतीय तत्त्वज्ञानाचा परिचय. दरवर्षी स्वमूल्यमापनाचा अहवाल भरताना 'संदर्भसंख्या' या रकान्यापाशी हात थांबत असे, कारण त्या रकान्यात जे मागितले होते ते आणि विषय शिकवताना ज्याचा प्रत्यय रोज येत होता ते, यांचा मेळ बसत नव्हता. तेव्हा स्वतःचा रकाना बाजूला ठेवून, या वर्गांवर ज्यांचा ठसा निःसंशय आहे अशा एका तत्त्वज्ञाच्या लेखनाची आणि त्याच्या संदर्भनोंदींची सूची हाताने करून पाहावी, असे ठरले. त्यासाठी निवडलेले नाव होते दि. य. देशपांडे यांचे.

देशपांडे (१९१७–२००५) यांनी विदर्भात तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले, आणि इंग्रजी विश्लेषक परंपरेची, म्हणजे मूर, रसेल, एअर यांच्या घराण्याची, तत्त्वचिंतनाची पद्धत मराठीत इतक्या स्वच्छ गद्यात उतरवली की तिचे परकेपण वाचकाला जाणवू नये. 'अर्वाचीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान' आणि 'युक्तिवादाची उपकरणे' ही त्यांची पुस्तके अध्यापकांच्या दोन पिढ्यांनी वापरली. १९९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी नागपूरहून जे मासिक सुरू केले आणि जे 'आजचा सुधारक' या नावाने ओळखले जाते, त्या नावामागे आगरकरांनी १८८८ साली काढलेल्या 'सुधारक' पत्राचे स्मरण होते, आणि त्यातून त्यांनी विवेकवादाची मांडणी महिन्यामागून महिने केली. विवेकवाद म्हणजे कोणतेही मत त्याच्या बाजूने असलेल्या पुराव्याच्या आणि युक्तिवादाच्या बळावरच स्वीकारावे, परंपरेच्या, शब्दप्रामाण्याच्या किंवा भावनेच्या बळावर स्वीकारू नये, ही भूमिका. आणि तिची कसोटी त्यांनी ईश्वर, नीती, स्त्री-पुरुषसंबंध, धर्म अशा प्रत्येक प्रश्नाला लावली. रसेलच्या विवाह आणि नीतीविषयीच्या ग्रंथाचा म. गं. नातू यांनी केलेला अनुवाद याच मासिकातून क्रमशः वाचकांपुढे आला.

हे सारे लेखन मराठीत असले, तरी सूचीची पहिली नोंद मात्र इंग्रजी निघाली. १९५६ साली 'माइंड' या ब्रिटिश त्रैमासिकात देशपांडे यांचे एक छोटे टिपण छापून आले आहे, आणि त्याचा विषय एअर यांची भूतकाळाविषयीची भूमिका हा आहे. 'माइंड' १८७६ पासून निघत आलेले, त्या काळच्या विश्लेषक तत्त्वज्ञानाचे जणू मुख्य व्यासपीठ. एअर यांनी १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे मांडले होते की ज्या विधानाचा पडताळा अनुभवाने घेता येत नाही ते निरर्थक होय. मग जे घडून गेले आणि ज्याचा अनुभव आता कोणालाही घेता येणार नाही, अशा गोष्टीविषयीच्या विधानाचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि त्याचे त्यांनी दिलेले पहिले उत्तर, म्हणजे भूतकाळाविषयीचे विधान हे वस्तुतः पुढे येऊ शकणाऱ्या अनुभवांविषयीचे भाकीत असते हे, त्यांना स्वतःलाही पुढे टिकवता आले नाही. या वादात विदर्भातल्या एका अध्यापकाने थेट 'माइंड'च्या पानांवर भाग घेतला होता, ही गोष्ट पुसदमध्ये तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसालाही सूची करायला बसल्यावरच नीट कळावी, याचा विषाद वाटतो. जगभरच्या संदर्भसूचींत देशपांडे यांचे अस्तित्व आहे ते मुख्यतः अशा इंग्रजी पानांपुरते. ज्या मराठी पुस्तकांनी महाविद्यालयांचे वर्ग घडवले त्यांना तिथे जागा नाही.

ही जागा कशी ठरते, हे समजण्यासाठी संदर्भसूचींचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. यूजीन गारफील्ड या अमेरिकन माहितीशास्त्रज्ञाने १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात विज्ञानासाठी संदर्भसूचीची कल्पना मांडली, आणि १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातील त्याच्या संस्थेने विज्ञानाची सूची प्रत्यक्ष छापली. त्याचा मूळ हेतू शास्त्रज्ञांची प्रतवारी लावण्याचा नव्हता. एखाद्या जुन्या निबंधाचे पुढे काय झाले, त्यातली चूक कोणी दाखवली का, हे नव्या संशोधकाला चटकन कळावे, असा होता. कला आणि मानव्यविद्यांची सूची १९७८ साली आली. २००४ साली 'स्कोपस' आणि 'गूगल स्कॉलर' आले, आणि २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. एखाद्या लेखकाचे असे सात लेख असतील की ज्यांपैकी प्रत्येकाचा उल्लेख निदान सात ठिकाणी झाला आहे, तर त्याचा एच-निर्देशांक सात; आठवा लेख कितीही गाजला, तरी आठ लेखांना प्रत्येकी आठ उल्लेख मिळेपर्यंत तो आकडा सातावरच राहतो. भौतिकशास्त्रात, जिथे संशोधक वर्षाला अनेक निबंध सहलेखकांबरोबर लिहितो आणि दोन-तीन वर्षांत त्यांचा निकाल लागतो, तिथे या मापाला काही अर्थ असेल. तत्त्वज्ञानात तोच आकडा लावला की काय होते, ते दाखवण्यासाठी एडमंड गेटियर यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९६३ साली 'अॅनालिसिस' या नियतकालिकात त्यांचा तीन पानांचा एक निबंध आला, आणि त्यात त्यांनी ज्ञान म्हणजे समर्थनासह असलेला सत्य विश्वास, या प्लेटोपासून चालत आल्याचे मानल्या गेलेल्या व्याख्येला दोन प्रतिदाखले दिले. ज्ञानमीमांसेचा त्यानंतरचा इतिहास बव्हंशी त्या तीन पानांना दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. गेटियर यांचे एकूण प्रकाशित लेखन बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे त्यांचा एच-निर्देशांकही बोटांवर मोजण्याइतकाच राहतो.

तत्त्वज्ञानातला काळही वेगळ्या गतीने चालतो. नियतकालिकांची प्रतवारी ज्या प्रभावगुणकाने होते तो गुणक, म्हणजे एखाद्या नियतकालिकाने गेल्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे चालू वर्षात सरासरी किती उल्लेख झाले तो आकडा, दोन वर्षांच्या पलीकडे पाहत नाही. याच्या शेजारी कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे 'विचारांतील स्वराज्य' हे व्याख्यान ठेवून पाहावे. खानदेशातील अमळनेरला प्रताप शेठ यांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात भट्टाचार्य यांनी १९३० च्या दशकात काही काळ काम केले. त्यांचे हे व्याख्यान १९३० च्या सुमाराचे. छापले गेले ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९५४ साली. आणि देशभर त्याची चर्चा सुरू झाली ती १९८४ साली पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली'ने त्यावर विशेषांक काढून ते पुन्हा छापले तेव्हा. आज वसाहतवादाच्या वैचारिक परिणामांवर लिहिणारा भारतीय अभ्यासक त्या व्याख्यानाला वळसा घालून जाऊ शकत नाही. बोललेल्या शब्दाचा प्रभाव मोजपट्टीत येतो तो अशा रीतीने, कोणी तरी तो छापतो, पुन्हा छापतो आणि नाव घेऊन त्याच्याशी वाद घालतो तेव्हा. १९९३ ते २०१३ या काळातील चार अग्रगण्य इंग्रजी तत्त्वज्ञान-नियतकालिकांतील संदर्भनोंदींची छाननी समाजशास्त्रज्ञ किरन हीली यांनी केली, तेव्हा सर्वांत वर आले ते सॉल क्रिपके यांचे 'नेमिंग अँड नेसेसिटी', आणि तेही मुळात १९७० साली प्रिन्स्टनला हातात टाचण न घेता दिलेल्या तीन व्याख्यानांचे ध्वनिमुद्रणावरून केलेले पुस्तक आहे.

सूचीचे काम सुरू झाले तेव्हा पहिली अडचण नावाचीच आली. महाराष्ट्रात देशपांडे या आडनावाचे लेखक विपुल, त्यांतले तत्त्वज्ञानाचे अभ्यासकही एकाहून अधिक. यंत्राने केलेल्या सूचीत एका देशपांड्यांचे लेख दुसऱ्यांच्या खात्यावर जमा झालेले सहज आढळतात. त्यातच मराठी लेखक त्यांचा उल्लेख कधी 'दि. य. देशपांडे', कधी 'दि. यं.नी', कधी 'डी. वाय. देशपांडे' आणि पुष्कळदा नुसते 'प्रा. देशपांडे' असा करतात. विदर्भातल्या वाचकाला संदर्भावरून माणूस ओळखू येतो, यंत्राला येत नाही. तळटिपांची रीतही अशीच. मराठी शोधप्रबंधात एकदा ग्रंथाचे पूर्ण नाव दिले की पुढे 'तत्रैव, पृ. ४१' किंवा 'उ. नि., पृ. ५३' एवढेच येते, आणि ते चाळीस वेळा आले तरी यंत्राच्या हिशेबात तो एकच उल्लेख, किंवा तोही नाही.

दुसरी अडचण टंकांची, आणि तिचा विचार फारसा होत नाही म्हणून ती इथे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. गुजरातेतील 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध ठेवले जातात, आणि तत्त्वज्ञानावरचे मराठी प्रबंधही तिथे आहेत. परंतु युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या आज्ञावलींच्या टंकांत होत असे, आणि त्या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसली तरी संगणकाच्या स्मृतीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागा साठवलेल्या असतात. असा प्रबंध उघडून त्यातली 'देशपांडे' हा शब्द असलेली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की देवनागरी नाहीशी होते आणि उरतो तो रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हांचा अर्थहीन घोळ. शोधखिडकीत 'देशपांडे' असे टाकले तर त्या प्रबंधातला एकही देशपांडे सापडत नाही, मग त्यात त्यांच्या पुस्तकावर सबंध प्रकरण का असेना. काही प्रबंध तर छापील पानांची नुसती छायाचित्रे आहेत. तेव्हा यंत्र जिथे शून्य दाखवते तिथे ते शून्य उल्लेखांचे आहे की अक्षरांचे, हे ठरवायला प्रबंध पान-पान उलटण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि संध्याकाळच्या कित्येक तासिका त्यातच गेल्या.

पान उलटण्याचे हे काम कंटाळवाणे असले, तरी त्यातून जे कळते ते दुसऱ्या कशातून कळत नाही. उल्लेखांचे प्रकार डोळ्यांपुढे येऊ लागतात. काही प्रबंधांत देशपांडे शेवटच्या 'संदर्भग्रंथ सूची'त असतात, पण आतल्या मजकुरात कुठेच नसतात. ग्रंथालयात पुस्तक होते, म्हणून ते सूचीत आले. काही ठिकाणी त्यांचे नाव एखाद्या सर्वमान्य गोष्टीला आधार म्हणून येते. आणि अगदी थोड्या ठिकाणी, पण त्या ठिकाणी वाचताना मन प्रसन्न होते, एखादा अभ्यासक त्यांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडून ते कुठे अपुरे पडते हे दाखवतो. तत्त्वज्ञानात खंडन हा आदराचाच प्रकार आहे. भारतीय शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करायचे त्या मताची मांडणी, आधी नीट करावी लागते, आणि ज्याचा पूर्वपक्ष कोणी करत नाही त्याचे मत विचारात घेण्याजोगे मानलेच जात नाही. आकड्यांच्या सूचीत मात्र सूचीपुरता उल्लेख, आधारापुरता उल्लेख आणि सबंध प्रकरणाचे खंडन या तिन्हींची किंमत एकच धरली जाते.

पुसदमधील ग्रंथालयांनी या कामाला जी मदत केली ती निराळ्या स्वरूपाची होती. दाखल रजिस्टरात पुस्तक केव्हा आले आणि त्याच्या किती प्रती घेतल्या याची नोंद असते, आणि जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तत्त्वज्ञानाच्या कपाटात बरीच पुस्तके अशी आहेत की त्यांच्या चिठ्ठीवर एखाददुसराच शिक्का आहे. तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांच्या चिठ्ठ्या मात्र भरून गेल्यामुळे त्यांवर दुसऱ्या चिठ्ठ्या डकवाव्या लागल्या, आणि शिक्क्यांच्या तारखा परीक्षांच्या आधी दाटीवाटीने येतात. ही मराठी पुस्तके मुळात इथवर पोचली कशी, यालाही एक इतिहास आहे. विद्यापीठीय पातळीवरची पुस्तके प्रादेशिक भाषांत तयार व्हावीत म्हणून केंद्र सरकारच्या साहाय्याने जी योजना आली, तिच्यातून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले, आणि ग. ना. जोशी यांच्या 'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास'सारखे अनेक खंडांचे काम त्यामुळे मराठीत होऊ शकले. त्या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते ते पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' १९७४ साली तीन खंडांत आला, तोही याच सुमारास. तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञान मराठीतून शिकवता येऊ लागले ते या पंधरा-वीस वर्षांच्या कष्टांमुळे, आणि ते कष्ट कोणत्याही निर्देशांकात दिसत नाहीत.

प्रभावाचा सर्वांत ठळक पुरावा मिळाला तो उत्तरपत्रिकांत. युक्तिवादाची युक्तता आणि विधानाची सत्यता यांतला फरक लिहिताना, किंवा वस्तुस्थितीविषयक विधानांपासून नैतिक विधान निष्पन्न का होत नाही हे समजावताना, विद्यार्थी जी वाक्ये लिहितात त्यांची ठेवण, त्यांतला उदाहरणे देण्याचा क्रम, 'याचा अर्थ असा की' म्हणून पुढे जाण्याची लकब, ही ज्याने देशपांडे आणि त्यांच्या पिढीतल्या मराठी लेखकांची पुस्तके वाचली आहेत त्याला तत्काळ ओळखू येते. त्या विद्यार्थ्यांनी देशपांडे हे नाव बहुधा ऐकलेले नसते. पुस्तकातून अध्यापकाच्या टिपणांत, टिपणांतून बाजारात मिळणाऱ्या गाइडांत आणि गाइडांतून उत्तरपत्रिकेत असा त्या वाक्यांचा प्रवास होतो, आणि पहिल्याच मुक्कामावर लेखकाचे नाव गळून पडते. प्रस्तुत लेखकाच्या वर्गटिपणांतही कोणते वाक्य कुठून आले हे लिहून ठेवण्याची रीत नव्हती, कारण ज्यांच्याकडून तो शिकला त्यांच्या टिपणांतही ती नव्हती.

इथे या कामातून जे निष्पन्न झाले ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मराठी तत्त्वज्ञाचा संदर्भांक कमी येतो याचा सगळा दोष परदेशी सूचींवर टाकण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्या सूची मराठीकडे पाहत नाहीत हे खरेच आहे. परंतु उद्या त्यांनी प्रत्येक मराठी पान वाचायचे ठरवले, टंकांची अडचण सुटली, नावांचा घोळ मिटला, तरीही त्यांना फार थोडे सापडेल, कारण मराठीत लिहिणारे आपण एकमेकांची नावे घेत नाही. कांटविषयी लिहिताना आपण कांटच्या इंग्रजी अनुवादाचा पृष्ठक्रमांक देतो, पण कांट ज्याच्या मराठी पुस्तकातून पहिल्यांदा समजला त्याचे नाव देत नाही, कारण ते दिले तर मूळ ग्रंथ वाचला नाही असे वाटेल, ही भीती असते. ज्याचे म्हणणे पटत नाही त्याचा उल्लेख 'एका विचारवंताच्या मते' असा करून आपण सौजन्य पाळल्याचे समाधान मानतो, आणि ज्याचे पटते त्याची वाक्ये तर आपलीच होऊन जातात. परिणामी देशपांडे, मे. पुं. रेगे, सुरेंद्र बारलिंगे यांच्यासारख्यांच्या लेखनाभोवती जी चर्चा मराठीत वाढायला हवी होती ती तुटक राहिली, आणि प्रत्येक नवा अभ्यासक पुन्हा इंग्रजी पाठ्यपुस्तकापासून आरंभ करतो. बारलिंगे यांच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो : १९६५ साली निघालेले भारतीय तर्कशास्त्रावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक न्यायदर्शनावर लिहिणाऱ्या परदेशी अभ्यासकांच्या संदर्भसूचींतही भेटते, परंतु 'सौंदर्याचे व्याकरण' या त्यांच्या मराठी ग्रंथाचा मागोवा मराठी समीक्षेतच घ्यावा लागतो.

याला एक मोठा अपवाद सूची करताना सापडला, आणि तो वैचारिक मासिकांचा आहे. 'आजचा सुधारक'च्या अंकांत वाचकांची पत्रे आणि प्रतिसाद छापले जात, आणि त्यांत नाव घेऊन वाद होई : अमुक अंकातील अमुक लेखात देशपांडे यांनी असे म्हटले, ते मला मान्य नाही, कारण पुढीलप्रमाणे. लिहिणारे अध्यापक होते तसे डॉक्टर, अभियंते, निवृत्त कर्मचारीही होते. संपादक त्यांना उत्तर देत, आणि त्या उत्तराला पुन्हा उत्तर येई. दिवाकर मोहनी, नंदा खरे अशा पुढच्या संपादकांच्या काळातही ही प्रथा चालू राहिली. ज्याला संदर्भनोंदीचा आदर्श म्हणावे ते सारे, म्हणजे लेखकाचे नाव, लेखाचा ठिकाणा, मताची प्रामाणिक मांडणी आणि सकारण मतभेद, त्या पानांवर आहे. फरक इतकाच की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांकनात समकक्ष परीक्षण, म्हणजे त्या विषयातील तज्ज्ञांकडून छापण्यापूर्वी होणारी तपासणी, असलेल्या नियतकालिकांनाच स्थान असल्यामुळे अशा मासिकातील लेखाला शोधनिबंध म्हणून गुण मिळणे दुरापास्त, मग त्यातील पत्राची गोष्टच नको.

या गुणांकनाने अध्यापकांचे लेखन कोणत्या दिशेला वळवले, हे गेल्या दीड दशकात सर्वांनी पाहिले आहे. २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे निर्देशांक आणले आणि निबंधांच्या संख्येला गुण मिळू लागले, तेव्हा शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले की विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला त्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट ठरू शकतात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, पुढे 'केअर' यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली. इतक्या उलथापालथीत, मराठीत सावकाश लिहिलेला, पाच-दहा वाचकांनी गंभीरपणे वाचलेला निबंध कुठे बसवायचा हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

पुसदला तयार झालेल्या सूचीत उल्लेखांसाठी चार रकाने आखले आहेत : नाव घेऊन केलेले खंडन, नाव घेऊन घेतलेला आधार, केवळ ग्रंथसूचीत आलेले नाव, आणि नाव न घेता आलेले विचार किंवा वाक्ये. पहिल्या रकान्यातल्या नोंदींना सूचीत सर्वांत वर स्थान दिले आहे. चौथ्या रकान्याविषयी सहकाऱ्यांशी पुष्कळ वाद झाला. नामोल्लेख नसताना एखादे वाक्य देशपांडे यांच्याकडूनच आले हे कशावरून म्हणायचे, ते एखाद्या समान इंग्रजी स्रोतातून दोघांकडे आले नसेल का, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून ज्या ठिकाणी उदाहरण आणि उदाहरणांचा क्रम दोन्ही जुळतात अशाच नोंदी तिथे ठेवल्या व बाकीच्या वगळल्या. 'आजचा सुधारक'चे जुने अंक आता युनिकोडमध्ये टंकून महाजालावर उपलब्ध झाले असल्यामुळे पत्रांच्या पानांतील नावे यंत्राने शोधणे शक्य झाले आहे, आणि सध्या त्या पानांची नोंद पहिल्या दोन रकान्यांत भरण्याचे काम चालू आहे. 'माइंड'मधल्या १९५६ च्या टिपणाला त्या वेळी आणि त्यानंतर कोणी उत्तर दिले, हे पाहण्यासाठी त्या त्रैमासिकाचे पुढचे खंड नागपूरला जाऊन चाळायचे आहेत.